कोरडं सोवळं

ज्या दिवशी घरात विजेचं काम असे, त्या दिवशी रावजी सकाळी आंघोळ करीत नसत.

ही गोष्ट लहान नव्हती. तंजावरातल्या आमच्या बोळात पहाटे विहिरीचं पाणी डोक्यावर ओतून घेतल्याशिवाय कोणी कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, पेल्याला हात लावत नसे. त्या बोळात साठी ओलांडलेला एक निवृत्त गणिताचा मास्तर, ऊन चांगलं वर आलं तरी कोरड्या केसांनी, हातात लाकडी मुठीचा पेचकस घेऊन घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसलेला दिसला, की शेजारच्या बायका एकमेकींना सांगत, आज रावजींकडे करंट बंद. कोणी थट्टा केली तर ते शांतपणे म्हणत, "देवाचें सोवळें ओलें. विजेचें सोवळें कोरडें. एका अंगावर दोन्ही कशीं नेसूं?"

रावजी गेले. आम्हाला ते उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी हे थोडं थोडं लिहिते आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. तिकडचे तमिळ शेजारी कुणाही मराठी माणसाला रावजीच म्हणत; आम्ही मायलेकीही त्यांना तेच म्हणू लागलो, आणि मग दुसरं काही म्हणण्याची गरज पडली नाही.

मी तंजावरला गेले ती जुन्या मोडी कागदांच्या कामासाठी. पन्नास सालानंतरचे ते दिवस. एकट्या मुलीला कोणी खोली देत नसे. आई बरोबर आली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आईचं सगळं आयुष्य तिच्या सोवळ्याभोवती गोळा झालं होतं. जिथे जिथे आम्ही घर पाहायला जायचो तिथे घरमालक मला आधी विचारत, नवरा कुठे असतो. रावजींनी तसं काही विचारलं नाही. ते आईकडे वळून म्हणाले, "अक्का, आपण ओल्या हातानें स्विच दाबतां कां?"

आई म्हणाली, "आमच्या घरात स्विचच नव्हता. कंदील होते."

"उत्तम," रावजी म्हणाले. "म्हणजे वाईट संवय नाहीं."

आणि आम्हाला घर मिळालं. पुढच्या अंगाला माझी खोली, मधल्या चौकाच्या पलीकडे आईचं स्वयंपाकघर. तेच तिचं देवघर. बाकी घरात रावजी एकटे. बायको पूर्वीच गेलेली, मुलगी मद्रासेला. स्वतःचं स्वतः रांधत आणि स्वतःलाच आग्रह करून वाढत. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येई, "आणखी थोडें रसम?" मग थोडा वेळ शांतता, आणि मग तमिळमध्ये, "पोदुम, पोदुम." पुरे, पुरे.

आईला पहिले काही महिने त्यांचं मराठी सोसलं नाही. "हे कसलं गं बोलणं, किल्ल्यावरून आल्यासारखं," ती म्हणायची. मला मात्र त्याची गंमत वाटे. दिवसभर ज्या भाषेतले कागद मी भिंगाखाली धरून लावत असे, त्याच भाषेत संध्याकाळी एक जिवंत माणूस तिण्णैवरून विचारी, "कापी जाहली कां?" त्यांना देवनागरी नीट वाचता येत नसे. घराच्या मुख्य स्विचखाली त्यांनी एक पुठ्ठा टांगला होता. अक्षरं तमिळ. मी ती शिकल्यावर एक दिवस सावकाश लावून वाचली, तर वाक्य मराठी निघालं: "विचारल्यावांचून हात लावूं नये."

वीज त्यांना कुणी शिकवली नव्हती. बोळात खांब आले तेव्हा तारा ओढणाऱ्यांच्या मागे मागे हे छत्री घेऊन हिंडले, इतकंच सगळे सांगत. नंतर एक इंग्रजी पुस्तक मिळवून त्यांनी ते पाठ केलं. विजेविषयी त्यांना कौतुक नव्हतं, धाक होता. "दिसत नाहीं, वास नाहीं, बोलत नाहीं," ते म्हणत. "देवाचीं पण हींच लक्षणें. दोघांच्या पुढें उगाच हात पुढें करूं नये."

चौकात तुळशीवृंदावन होतं आणि त्याच्या शेजारी जमिनीतून एक लोखंडी नळी वर आलेली होती. तिच्याभोवती त्यांनी विटांचं छोटं आळं केलं होतं. ते घराचं अर्थिंग. खाली खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरांनी भरलेलं. जमीन कोरडी पडली तर वाट चुकलेली वीज मातीत उतरणार नाही, म्हणून ते ओलं ठेवायचं. रोज तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या रावजी त्या नळीपाशी ओतत. भाजी विकायला येणारी एक म्हातारी हे रोज पाही. एकदा तिने पाटी खाली ठेवून, पदर सावरून त्या नळीला नमस्कार केला आणि विचारलं, हा कुठला सामी, कुठला देव?

"भूमादेवी," रावजी म्हणाले.

त्यानंतर ती कधी झेंडूचं एक फूल तिथे ठेवून जाई. रावजी ते काढत नसत. "नमस्कार करणारा माणूस त्या नळीला गाय बांधणार नाहीं," एवढंच म्हणत.

त्यांची कीर्ती त्रिभुज प्रदेशातल्या गावांपर्यंत गेली होती. ओरत्तनाडूकडे त्यांचे काही नातलग होते. तिथे कोणाच्या घरी नवीन वीज आली की आधी रावजींना बोलावणं. काखेत स्वतःचा पाट घेऊन ते बसमध्ये चढत. विजेचं काम पाटावर उभं राहूनच करायचं, आणि पाट आपल्या ओळखीचा हवा, कोरडा, खिळा नसलेला. एकदा कंडक्टरने विचारलं, "रावजी, कुणाच्या जेवणाला निघालात? तिथं पाटसुद्धा देत नाहीत?" रावजी म्हणाले, "जेवायला नाहीं बाबा. जेवणारे पुढेंही जेवावेत म्हणून."

आता त्यांच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण ती पद्धत म्हणजेच रावजी.

भिंतीतला एक साधा प्लग बदलायचा असला तरी ते आधी चौकात मध्यभागी उभे राहून मोठ्याने सांगत, "मी वीज बंद करतों आहें." मग मुख्य स्विच खाली ओढत, चिनी मातीचा फ्यूज उपसून काढत आणि धोतराच्या कनवटीला खोचून वरून गाठ मारत. फ्यूज त्यांच्या अंगावर असेतो जगातला कोणी त्या घरात वीज सुरू करू शकत नव्हता. एवढ्यावर त्यांचं समाधान नसे. पुन्हा चौकात येऊन ते विचारत, "कोण्ही हात लावणार?" घरातल्या प्रत्येकाने "नाही" म्हणायचं. तोंडाने. मान हलवलेली चालत नसे.

पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा आई जपाला बसली होती आणि जपात ती बोलत नसे. रावजींनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. आईने आतून मान हलवली.

"अक्का, मान नको. शब्द पाहिजे."

आईने माळ वर करून दाखवली.

"सरी," रावजी म्हणाले, म्हणजे बरं. आणि पाटावर उकिडवे बसून राहिले. आईनेही हट्टाने जप लांबवला. शेवटी माळ संपवून, डोळ्यांना लावून, ती ठणकावून म्हणाली, "नाही, नाही, नाही! झालं?"

"एकदां पुरे होतें," रावजी म्हणाले आणि उठले.

उठले ते थेट शेजाऱ्यांकडे गेले. त्यांच्याजवळ दोन तारा सोडलेला एक बल्ब असे. तो प्लगच्या भोकांत लावून पाहायचा. लागला नाही म्हणजे वीज नाही. पण नसेल लागत बल्बच मेलेला म्हणून, तर? सबंध घराची वीज बंद असताना बल्ब जिवंत आहे हे ओळखायचं कसं? म्हणून ते शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बल्ब पेटवून पाहत, परत येऊन आपल्या प्लगमध्ये लावत, आणि पुन्हा शेजाऱ्यांकडे जाऊन तो अजून जिवंत असल्याची खात्री करत. मधल्या बोळातून हातात बल्ब घेऊन जाणारे-येणारे रावजी पाहून आई म्हणाली, "आरती घेऊन हिंडतात जणू." पण तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा थोडा मऊ होता.

आईच्या स्वयंपाकघरातला प्लग मात्र त्यांना बदलता आला नाही, आणि सगळी कथा तिथेच अडली होती.

तो प्लग घरातला सर्वांत जुना. दोन भोकांचा, तोंडाला तडा गेलेला, अर्थिंगची तार नाहीच. आणि बरोबर त्याच भिंतीशी आई विहिरीवरून आलेलं पाणी भरून ठेवी. वर छताजवळच्या दांडीवर तिची सोवळ्याची लुगडी वाळत. रावजींना तो प्लग दाताखालच्या खड्यासारखा खुपे. तो काढून तिथे तीन भोकांचा, अर्थिंगचा बसवायचा होता. पण विजेच्या दिवशी ते आंघोळ करणार नाहीत, आणि बिनआंघोळीच्या माणसाला आई देवघरात पाऊल टाकू देणार नाही.

"अक्का, आंघोळ करून अंग पुसून येऊं कां? पण केंस ओले राहतात. कानांत पाणी राहतें."

"मग वाळेपर्यंत थांबा."

"वाळल्यावर तुम्ही म्हणाल, मधें इकडेंतिकडें शिवलांत."

"म्हणेनच."

दोघंही खरंच बोलत होती. शेवटी रावजींनी लाकडाच्या दोन खुंट्या तासून माझ्या हाती दिल्या. त्यांनी वीज बंद केल्यावर मी आंघोळ करून आत जाऊन त्या प्लगच्या भोकांत ठोकल्या. वाद तिथेच थांबला, म्हणजे राखेखाली गेला. अधूनमधून रावजी चौकातून त्या दाराकडे पाहत आणि सुस्कारा टाकत. आई ते पाही आणि न पाहिल्यासारखं करी.

पुढच्या उन्हाळ्यात मी आईसाठी एक पंखा घेतला. काळा, लोखंडी, जड. दुकानातून त्याला दोन पिनांचाच प्लग लावून आला होता. रावजींनी पंखा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "उद्यां सकाळीं ह्याची दोरी बदलतों. तीन तारांची घालतों. तोंवर हा पाहुणा. पाहुण्याला कामाला जुंपूं नये."

दुसरा दिवस अक्षय्यतृतीयेचा. मला सुट्टी. रावजी ठरल्याप्रमाणे आंघोळ न करता तिण्णैवर बसून नवी दोरी सोलत होते, मी शेजारी वाचत होते. आत आई नैवेद्याच्या तयारीला लागली होती. नंतर तिनेच सांगितलं म्हणून तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत आहे. उकाडा असह्य होता. पंखा समोर होता. रावजींनी एकदा तो बिनआंघोळीच्या हातांनी उघडला की पुन्हा देवघरात नेता येणार नव्हता. म्हणजे न्यायचा तर आत्ताच. विहिरीवरून ती ओलेत्यानेच आली, पंखा चौकात आणला आणि दुकानातून आलेल्या नव्या भांड्यावर ओतावं तसं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. शुद्ध केला. मग उचलून आत नेला, खुंट्या उपसल्या आणि प्लग लावला.

आम्हाला आधी तांब्या पडल्याचा आवाज आला. मग एक गुणगुण. आईचा आवाज आला नाही.

रावजी माझ्याआधी उठले. आम्ही चौक ओलांडून दाराशी पोहोचलो तेव्हा आई उभी होती. एका हाताने पंख्याची मान धरलेली, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. खाली सगळी फरशी ओली. मी दोन्ही हात पुढे केले.

"शिवूं नको!"

हे शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. ते कानावर आले की पाय जागच्या जागी थांबायचे, कारण विचारायचं नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं की त्या क्षणीही मी थांबले. इतकी वर्षं ते आईच्या आवाजात ऐकले होते. त्या दिवशी ते रावजींच्या आवाजात आले.

दाराशी आईची सोवळ्याची काठी टेकलेली होती. उंच दांडीवरची वस्त्रं हात न लावता काढायला ती वापरायची. वाळका, हलका बांबू. तिला आईखेरीज कोणी कधी शिवलं नव्हतं. रावजींनी ती उचलली. आत गेले नाहीत. कोरड्या लाकडी उंबरठ्यावर दोन्ही पाय रोवून उभे राहिले आणि काठीचा फटका आईच्या मनगटावर मारला. एकदा, मग पुन्हा, जास्त जोराने. हात सुटला. पंखा आडवा झाला, त्याची दोरी ताणली जाऊन त्या जुन्या प्लगमधून निसटली, आणि आई भिंतीला घसरत खाली बसली.

मी पुन्हा पुढे झाले. "थांब," ते म्हणाले. धावत गेले, मुख्य स्विच ओढला, फ्यूज उपसला, कनवटीला खोचला. परत आले तेव्हा गाठ मारलेली होती.

"आतां जा, पोरी," ते म्हणाले. "आतां शीव."

मी आईला पोटाशी धरलं. तिचा श्वास चालू होता. काही वेळाने तिने डोळे उघडले, मनगटाकडे पाहिलं, मग दाराकडे. रावजी उंबरठ्यावरच काठी धरून उभे होते.

"काठीला शिवलात," आई म्हणाली.

"होय, अक्का."

"आंघोळ नव्हती ना केली?"

"नव्हती. केली असती तर..." ते म्हणाले. काठी दाराशी होती तशी टेकवून ठेवून ते चौकात जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून.

डॉक्टर येऊन गेले. हृदय ठीक आहे म्हणाले, मनगटाला शेक द्या म्हणाले. संध्याकाळी रावजी विचारपूस करायला आले आणि नेहमीप्रमाणे दाराबाहेर थांबले. आई भिंतीला टेकून बसली होती. मनगटावरचा शेक तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी दिवसभर विचार करत्ये. मारलंत ते सोवळ्याच्या काठीने. तुमचा हात मला लागला नाही. म्हणजे मी मोडले नाही सोवळं."

"नाहीं, अक्का."

"मेले असते तर सोवळ्यात मेले असते."

"तें मला चाललें नसतें," रावजी म्हणाले.

आई हसली. तिचं हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं. मग तिने मला सांगितलं, "उद्या देव तुझ्या खोलीत हलव. रावजींना आत काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी देव माझ्या टेबलावर, मोडी कागदांच्या नकलांशेजारी, येऊन बसले. पाणी सगळं हलवलं, फरशी पुसून कोरडी केली. आईने स्वतः आंघोळ केली नाही. तिच्या आयुष्यात आजारपणाशिवाय असा दिवस बहुधा पहिलाच. कोरड्या लुगड्याने ती दाराशी बसली आणि रावजी पाट घेऊन आत आले. उंबरठा ओलांडताना ते क्षणभर थांबले, जसं कोणी नव्या माणसाच्या घरी थांबावं.

चौकातून त्यांनी विचारलं होतं, "कोण्ही हात लावणार?"

"नाही," आई म्हणाली होती, माझ्याही आधी. मग म्हणाली, "देवांनाही विचारा. ते बाहेर आहेत."

"त्यांचें होय-नाहीं मला कळत नाहीं," रावजी म्हणाले. "आपण जामीन राहा."

बल्ब शेजारी जाऊन आला. तडा गेलेलं तोंड दोन स्क्रू काढून उतरवलं. आत एका तारेचं वेष्टण करपून काळं झालं होतं. रावजींनी ते आईला दाखवलं. आईने वाकून पाहिलं, वासही घेतला. "लागलेल्या भातासारखा," ती म्हणाली. त्यांनी करपलेला भाग कापून टाकला, चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार सोलली, सुटे धागे पिळून एक केले आणि स्क्रूभोवती ज्या दिशेला तो आवळतो त्याच दिशेला वळवून घेतले. "उलट वळवली तर आवळतांना तार बाहेर पळते," ते म्हणाले. आई म्हणाली, "वात वळताना तसंच." नव्या प्लगच्या उजव्या भोकाला जिवंत तार, डाव्याला परतीची, आणि वरच्या मोठ्या भोकाला चौकातल्या भूमादेवीकडून नव्याने ओढून आणलेली हिरवी तार. प्रत्येक तार स्क्रू आवळल्यावर त्यांनी ओढून पाहिली. मग तोंड बसवलं, मग पाट उचलला, मग कनवटीची गाठ सोडली.

फ्यूज बसवण्याआधी त्यांनी आईला विचारलं, "सुरू करूं?"

वीज आल्यावर बल्बची एक तार उजव्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात धरली. बल्ब लागला. म्हणजे वाट चुकलेल्या विजेला मातीचा रस्ता सापडला होता. रावजी त्या बल्बकडे पाहत राहिले, आणि आई रावजींकडे.

त्यानंतर आम्ही त्या घरात काही वर्षं राहिलो. आईचं सोवळं सुटलं नाही, रावजींची पद्धतही नाही. एवढंच झालं की आई ओलेत्याने असताना त्या भिंतीकडे जात नसे, आणि नव्या माणसांना दोन्ही सोवळ्यांचे नियम एका दमात सांगे. संध्याकाळी रावजींना तिच्या हातचं काही ना काही जाऊ लागलं, आणि भिंतीपलीकडून "पोदुम, पोदुम" ऐकू आलं की ती इकडून ओरडे, "एवढ्यात कुठे?" माझं काम संपलं आणि आम्ही आमच्या गावी साताऱ्याला परतलो, तेव्हा रावजींनी स्टेशनवर आईला काय द्यावं? वाळक्या बांबूची एक नवी काठी. "जुनी मी ठेवली आहे," ते म्हणाले. "विचारायचें राहिलें. ठेवूं कां?"

"ठेवा," आई म्हणाली. "नाहीतरी तुम्ही शिवलातच."

साताऱ्यात आमच्या घरातला प्लग सैल झाला होता म्हणून एक दिवस वायरमनला बोलावलं होतं. त्या दिवशी आई सकाळपासून बिनआंघोळीची, कोरडी, पाटावर बसलेली. फ्यूज तिने वायरमनकडून मागून घेऊन कमरेला खोचला होता. तो बिचारा हसत काम करत होता. त्याने तोंड उतरवलं असेल नसेल, तेवढ्यात तंजावरहून आलेले एक ओळखीचे गृहस्थ भेटायला आले आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं, रावजी गेले. झोपेतच. मागच्या पावसाळ्याआधी.

आई मग उठली. "मला आंघोळ आली," म्हणाली.

गृहस्थ गोंधळले. सुतकाचं स्नान नातलगांसाठी असतं. "आपलं नातं होतं का?" त्यांनी हळूच मला विचारलं. 

आई न्हाणीच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. वळून भिंतीतल्या उघड्या तारांकडे पाहिलं. कमरेचा फ्यूज चाचपला. आणि परत येऊन पाटावर बसली.

"आधी हे होऊ दे," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "विचार."

मी पुढे आले. मग विचारलं, "कोणी हात लावणार?"

"नाही," आई म्हणाली.

वायरमनने काम सावकाश केलं. आपल्याला काही कळलं नाही तरी इथे हळू बोलायचं आहे, एवढं त्याला कळलं असावं. तारा ओढून पाहायला आईने त्याला दोनदा सांगितलं. शेवटी तिने फ्यूज दिला, बल्ब लागलेला पाहिला, आणि मग उठून न्हाणीत गेली. दार लावण्याआधीच पाण्याचा आवाज आला. लुगड्यासकट, डोक्यावरून, तांब्यामागून तांब्या.

ती ओलेत्याने बाहेर आली तेव्हा गृहस्थ उठून उभे राहिले. आईने कोणाकडे पाहिलं नाही. प्लगच्या भिंतीपासून दूर, पलीकडच्या भिंतीच्या कडेकडेने, पाण्याची एक रेघ मागे ठेवत ती आपल्या खोलीत गेली.